बिनछपराचा डबा

दुकानाच्या सगळ्यात खालच्या फळीवरची साखर बघायची तर मला आता गुडघ्यावर बसावं लागतं. बसताना गुडघा कुरकुरतो, उठताना ट्रॉलीचा आधार लागतो, आणि मधल्या वेळात कुणाच्या तरी ट्रॉलीचं चाक माझ्या बोटांवरून जाता जाता राहतं. डोळ्यांसमोरच्या फळीवर साखर आहेच. तिची पिशवी जाड, चकचकीत, वर स्फटिकांचा असा फोटो की हिरेच वाटावेत. खालची पिशवी पांढरी. तिच्यावर एकाच रंगात ‘साखर’ एवढंच, आणि तेही कुणी नाइलाजानं लिहिल्यासारखं. मी दोन्ही उलट्या करते. एकीच्या मागे, घटक : साखर. दुसरीच्या मागे, घटक : साखर. वजन तेच. किंमत मात्र एकीची दुसरीच्या दीडपट.

हे मी दीड वर्ष करते आहे. त्याआधी वीसेक वर्षं मी उभ्यानंच सामान भरलं. हाताला आलं ते घेतलं, नाव ओळखीचं असलं की पुरे. मग घरातला एक पगार थांबला. काही काळापुरता, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या खणात कोंबलेल्या पावत्या बाहेर काढल्या. अर्ध्याअधिक कोऱ्या निघाल्या. तो कागद उष्णतेनं छापतात, शाई नसतेच, त्यामुळे अक्षरं विरून जातात. आपण कशावर किती उधळलं त्याचा पुरावाच उडून गेलेला. उरल्यासुरल्या पावत्या मी एका वहीत उतरवल्या, तर पंचवीस-तीस वस्तूच पुन्हा पुन्हा येत होत्या. साखर, मीठ, पीठ, तेल, बिस्किटं, साबण, कचऱ्याच्या पिशव्या. चैन म्हणावी असं त्यात फारसं काही नव्हतं.

नवरा वहीकडे बघून म्हणाला, “दात कोरून पोट भरत नाही.”

म्हण खरी आहे. पण ती कोरायला निघालेल्यांना सांगायची असते. मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

मोठ्या दुकानात बहुतेक वस्तूंच्या चार पायऱ्या असतात. सगळ्यात वर दुकानाचीच ‘खास’ रेंज, काळ्या-सोनेरी वेष्टनातली. तिच्या खाली जाहिरातीतले ब्रँड. मग दुकानाचं नाव लावलेला साधा माल. आणि तळाशी स्वस्तातली रेंज, जिचं वेष्टन आपली माफी मागत असतं. माझा नियम सोपा होता : आज जिथे आहोत तिथून एकच पायरी उतरायची. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही तर पुढच्या खेपेला आणखी एक. कुणी तोंड वाकडं केलं की निमूट परत वर.

उतरायचं तर आधी फळीच्या कडेची चिठ्ठी वाचायला शिकावं लागतं. किंमत ठळक, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत किलोमागे किंवा लिटरमागे किती. त्या कोपऱ्यातच सगळं आहे. युरोपीय संघानं 1998 च्या एका निर्देशानं हा दर दाखवणं दुकानांवर बंधनकारक केलं, ऑस्ट्रेलियात 2009 मध्ये मोठ्या किराणा दुकानांसाठी तसा नियम आला. नियम पाळूनही खोडी काढता येते, ही गोष्ट वेगळी. एका बिस्किटाचा दर 100 ग्रॅममागे, शेजारच्याचा किलोमागे. टिश्यू पेपर तर एक रोलावर मोजलेला, दुसरा कागदावर. आणि मोठा पुडा नेहमी स्वस्त पडतो, हा समज मी डोळे मिटून वीस वर्षं बाळगला होता. पडतो बऱ्याचदा. पण कधी कधी दोन लहान पुडे एका मोठ्यापेक्षा स्वस्त असतात, आणि आपण तिथे हिशेब करणार नाही याची दुकानाला खात्री असते. पहिल्या महिन्यात मी एका फळीसमोर फोनवर इतका वेळ भागाकार करत होते की तिथला पोरगा दोनदा विचारून गेला, “काही मदत हवी का, मॅडम?” गणित येतं का तुला, असं विचारायचं जिभेवर आलं होतं.

शिवाय किंमत तीच ठेवून पुड्यातला माल हळूच कमी करायची युक्ती आहेच. 2023 मध्ये फ्रान्सच्या कारफूर या दुकान-साखळीनं अशा 26 वस्तूंपुढे पाट्या लावल्या होत्या : वजन घटलंय, पण दर वाढलाय. दुकानानं ब्रँडचं बिंग फोडणं बघायला मजा येते. पण त्या पाट्या गिऱ्हाइकाच्या कळवळ्यानं होत्या असं समजायला नको. ब्रँडवाल्यांशी दरांची घासाघीस तोंडावर आली होती.

याच कारफूरनं 1976 मध्ये 50 वस्तू साध्या पांढऱ्या वेष्टनात, ब्रँडचं नाव न लावता विकायला ठेवल्या. त्यांना नाव दिलं ‘मुक्त उत्पादनं’. दोन वर्षांनी कॅनडात लोब्लॉज या कंपनीनं पिवळ्या वेष्टनावर काळी अक्षरं छापून ‘नो नेम’ आणलं. तो पिवळा पुढे इतका ओळखीचा झाला की बिननावाचंच एक नाव होऊन बसलं. ब्रिटनमध्ये टेस्कोनं 1993 मध्ये निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची स्वस्त रेंज काढली. ते पट्टे ट्रॉलीत असले की दुरूनही कळायचं, या घराचं काय चाललंय.

दुरून कळावं अशीच ती सोय असते का, हा प्रश्न मला सतावत होता. एका रंगाची छपाई स्वस्त पडते हे कबूल. पण चांगलं अक्षर आणि वाईट अक्षर छापायला शाई सारखीच लागते ना? शेकडो दुकानं चालवणाऱ्या कंपनीला पांढऱ्या पिशवीवर ‘साखर’ हा शब्द जरा बऱ्या वळणानं लिहिता येऊ नये?

उत्तर सापडलं ते आगगाडीत. ज्यूल द्युपुई नावाचा एक फ्रेंच अभियंता होता. रस्ते-पूल हे त्याचं काम, आणि त्यांवर टोल किती लावावा हा त्याचा छंद म्हणा, ध्यास म्हणा. 1849 मध्ये त्यानं रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल लिहिलं. काही कंपन्यांच्या त्या डब्यांना छप्पर नसायचं, बसायला नुसती लाकडी बाकं. द्युपुईचं म्हणणं असं, की छपराला लागणारे काही हजार फ्रँक वाचवायला कंपनी हे करत नाही. दुसऱ्या वर्गाचं भाडं ज्यांना परवडतं त्यांनी तिसऱ्यात बसू नये, म्हणून करते. गरिबाला छळायचा तिचा हेतू नाही. तिला घाबरवायचं आहे ते पैसेवाल्याला.

वाचलं आणि डोळ्यांपुढे ती पांढरी पिशवी आली. तिला छप्पर नव्हतं, आणि ते माझ्यासाठी काढून ठेवलेलं होतं. जिच्याकडे दुसरा काही मार्गच नाही ती बाई ती पिशवी घेणारच होती, अक्षर कसंही असो. अक्षर वाईट काढलं ते मी खाली वाकू नये म्हणून. आणि मी वीस वर्षं वाकले नाही. छपराचे पैसे भरत राहिले, आणि मनात समजत राहिले की साखरेचे भरते आहे.

गंमत म्हणजे घरी आल्यावर छप्पर टिकतच नाही. आपल्याकडे रेल्वेचाही डबा आणि साखरेचाही डबाच. पिशवी कात्रीनं कापली, साखर डब्यात ओतली, पिशवी कचऱ्यात गेली, की कुठली साखर कुठल्या वर्गातून प्रवास करून आली हे साखरेलाही ठाऊक नसतं. इतका खटाटोप सगळा फळीपासून काउंटरपर्यंतच्या वीस पावलांपुरता.

पण त्या वीस पावलांत काय होतं ते सांगते.

सुरुवातीचे काही महिने मी पांढऱ्या पिशव्या ट्रॉलीत तळाला ठेवायचे, वर भाजीची जुडी पसरायची. काउंटरच्या पट्ट्यावर मांडताना त्या पालथ्या घालायचे. एकदा अशीच रांगेत उभी असताना मागे आमच्या ऑफिसातल्या एक बाई आल्या. पट्ट्यावर माझं सामान : दोन साखर, चार पिठं, मीठ, बिस्किटांचे सहा पुडे, सगळं पांढरं. इस्पितळातल्या चादरींसारखं. त्यांनी बघितलंही नसेल. पण मीच, कुणी काही विचारलेलं नसताना, हसून म्हणाले, “एका संस्थेला द्यायचं आहे हे.”

“अरे वा,” त्या म्हणाल्या. “छान करता हो ताई.”

घरी येऊन पिशव्या काढताना माझ्या बोलण्याचा अर्थ मला लागला. हे पीठ दान द्यायला चालतं, खायला चालत नाही, असं मी चारचौघांत सांगून आले होते. आणि रात्री त्याच पिठाची पोळी आम्ही खाल्ली. चांगली झाली होती.

तेवढ्यावर भागलं नाही. तीन दिवसांनी त्या बाई माझ्या टेबलाशी एक भरलेली पिशवी घेऊन आल्या. “तुम्ही जाणारच आहात, तर हेही द्या ना माझ्याकडून.” आत बघते तो साखर, तेल, बिस्किटं, सगळं डोळ्यांसमोरच्या फळीवरचं. द्यायचं म्हणून त्यांनी आपण घरात आणतो तेच आणलं होतं. आता जाणं आलं. मी शोधून एक संस्था काढली, शनिवारी त्यांची पिशवी आणि माझ्या शिल्लक पांढऱ्या पिशव्या घेऊन गेले. तिथे टेबलामागे बसलेल्या बाईंनी एकेक पुडा उचलला, उलटा केला, तारीख बघितली आणि खोक्यात टाकला. नाव कुठल्याच पुड्याचं वाचलं नाही. माझ्या बिस्किटांची मुदत पुढच्याच महिन्यात संपत होती, ते तेवढे त्यांनी बाजूला काढले. “हे आधी वाटायला घेतो,” म्हणाल्या. परत येताना बसमध्ये मी मनात हिशेब केला. त्या महिन्यात स्वस्तातल्या सामानानं वाचवलेलं सगळं त्या एका थापेत गेलं होतं.

त्यानंतर मी पुडे पालथे घालणं सोडलं. पण लाज गेली म्हणाल तर नाही. ती खालच्या फळीवर बसलेली असते. वाकलं की भेटते.

जाणकार काय करतात ते कळल्यावर मला जरा धीर आला. अमेरिकेतल्या काही अर्थशास्त्रज्ञांनी, त्यांत मॅथ्यू जेन्ट्झकाउ आणि जेसी शपिरो होते, 2015 मध्ये एक अभ्यास छापला. डोकेदुखीच्या गोळीत औषध तेच, मात्रा तीच, तरी नामांकित गोळी महाग. सर्वसाधारण गिऱ्हाईक 26 टक्के वेळा ती महागडी गोळी उचलतं. औषध विकण्याचं शिक्षण घेतलेला फार्मासिस्ट स्वतःसाठी घेताना फक्त 9 टक्के वेळा. मीठ-साखरेसारख्या सामानात व्यावसायिक आचारीही तसेच. त्यांच्या खरेदीत नामांकित ब्रँडचा वाटा, त्यांच्यासारख्याच इतर घरांपेक्षा, 12 टक्क्यांच्या फरकानं कमी. ज्याचा हात रोज मिठात आहे तो मिठाच्या पुड्यावरच्या चित्राला भुलत नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, हे त्याला तिथल्या तिथे दिसतं.

भुलायची वेळ मुळात आपल्यावर आली कधी, तर 1916 मध्ये. तोवर गिऱ्हाइकानं मागायचं आणि दुकानदारानं काउंटरमागून काढून द्यायचं. अमेरिकेत मेम्फिस इथे क्लॅरेन्स सॉण्डर्सनं ‘पिगली विगली’ उघडलं आणि गिऱ्हाइकाच्या हातात टोपली देऊन त्याला फळ्यांमधून मोकळं सोडलं. दुकानदार गप्प झाला, तेव्हापासून पुडेच बोलायला लागले. तळाच्या पुड्याला तेवढं बोलायची परवानगी नाही.

आता जिथे तोंडघशी पडले तेही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं फार शहाणपणाचं वाटेल. भांडी घासायचं स्वस्त द्रव आणलं. बाटली तेवढीच, किंमत निम्मी. पण ते पाण्याचं सख्खं भावंड. लेक दर वेळी दुप्पट पिळायची आणि तरी तव्याचा तेलकटपणा जाईना. बाटली दहा दिवसांत संपली, आधीची तीन आठवडे पुरायची. म्हणजे लिटरमागे किती या चिठ्ठीलाही शरण जाऊन चालत नाही. खरा दर घासलेल्या भांड्यांमागे किती हा असतो, आणि तो कुठल्याच फळीवर लिहिलेला नसतो. कचऱ्याच्या पिशव्यांनी तर जिन्यात दगा दिला. तिसऱ्या पायरीपासून तळापर्यंत काय काय सांडलं होतं ते लिहीत नाही.

खाण्याच्या वस्तूंत मात्र मागचं पान वाचलं की बहुतेक फसगत टळते. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे, हा संकेत आता जगभर रूढ आहे. साखर, मीठ, पीठ यांना घटक एकच, तिथे उतरायला हरकत नाही. फक्त मिठाच्या पुड्यावर आयोडीन आहे का ते बघायचं, स्वस्तातल्या मिठात ते असेलच असं नाही. पण टोमॅटो सॉसची बाटली उलटी केली, तर महागात पहिलं नाव टोमॅटोचं, स्वस्तात पाण्याचं. दुसरं साखरेचं. टोमॅटो तिसऱ्या बाकावर. तिथे स्वस्त काही मिळत नव्हतं, दुसरीच वस्तू मिळत होती. जिथे एकापेक्षा जास्त घटक येतात तिथे मी पायरी उतरण्याआधी दोन्ही बाटल्या शेजारी धरून वाचते. ‘एकाच कारखान्यात बनतं हो सगळं’ असं छातीठोक सांगणारे भेटतात. कारखाना एक असूही शकतो, पण कृती एक असेलच असं नाही.

अशा दीड वर्षात महिन्याचं बिल साधारण पाचव्या हिश्शानं खाली आलं. नवऱ्यानं म्हण मागे घेतली नाही, पण आता पावत्या तोच वहीत उतरवतो.

एक गोष्ट मात्र वहीत मांडता येत नाही. हे सगळं करायला मला शनिवारची सकाळ मोकळी मिळते, मोठ्या दुकानापर्यंत जाता येतं, आणि दोन महिन्यांचं मीठ एकदम घ्यायला हातात पैसे असतात. ऑफिसातून घरी परतताना वाटेत त्याच साखळीचं एक छोटं दुकान लागतं. जागा कमी म्हणून तिथे स्वस्तातली रेंज ठेवलेलीच नाही, डोळ्यांसमोरची फळी तेवढी आहे. ज्या बाईकडे ना शनिवार आहे ना बसभाडं, ती तिथेच घेते. तिच्यासाठी गाडीला तिसरा वर्गच जोडलेला नाही.

राहता राहिली कॉफी. मी लहानपणापासून एकच कॉफी पिते. वडील तीच प्यायचे. एका रविवारी लेकीनं परीक्षा घेतली. तीन कप, तळाला पेन्सिलीनं आकडे, नवरा आणि मी डोळे मिटून. एकात माझी, एकात दुकानाची साधी, एकात तळाच्या फळीवरची. नवरा म्हणाला, सगळ्या सारख्याच, मला बिस्किट दे. मी मात्र प्रत्येक कप तीन-तीनदा चाखला आणि खात्रीनं दुसरा उचलला. हीच ती, जिभेला कळतं म्हटलं.

लेकीनं कप उलटा करून दाखवला. तळाच्या फळीवरची होती.

पुढच्या शनिवारी मी फळीसमोर उभी राहिले, हात लांब केला आणि वडिलांची कॉफी ट्रॉलीत टाकली. काउंटरवर सुलटी ठेवली. घरी नवरा पावती उतरवत बसला, त्या ओळीशी थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि शेजारच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, ‘छप्पर’.